साठाव्या पानापुढे

लांचेपाम्पा, ९ एप्रिल १९९६

सेनाइदा,

पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी चीज खाऊन घे. फिदेन्सियोकाकांच्या ट्रकमधून बटाट्यांच्या पोत्यांवर बसून येतंय ते. तुझं भांडण माझ्याशी आहे, गाईशी नाही. फडकं आईनं विणलेलं आहे, निळ्या काठाचं. ते तेवढं परत पाठव.

सतरा वर्षांत मी तुला लिहिलं नाही, तूही मला लिहिलं नाहीस, तेव्हा विचारपूस करत बसत नाही. तू लिमात शाळेचे गणवेश शिवतेस, एकटी राहतेस आणि जेवणाची आबाळ करतेस, एवढं काकांनी सांगितलंय. मी चीज करते, एकटीच असते, आणि जिभेची धार अजून गेलेली नाही. झाली विचारपूस.

लिहायला कारण घडलंय. माझ्या घरात पुस्तकं आलीत. हस खुशाल, सगळं गाव हसलं.

फेब्रुवारीत शहरातून पुस्तकवाले आले. आरिस्तिदेस नावाचे एक मास्तर, बरोबर खेचर, खेचरावर पोतं आणि पोत्यात तीस पुस्तकं. त्यांची रीत अशी की पुस्तकं शाळेत ठेवायची नाहीत, कारण शाळेला कुलूप असतं. गावातल्याच एका घरात ठेवायची, मुलांनी येता-जाता न्यायची, आणून द्यायची. पाच महिन्यांनी पोतं पुढच्या गावाला जाणार आणि दुसरं आपल्याकडं येणार. गावसभेत प्रश्न पडला, ठेवायची कुणाकडं? आपल्याकडं ज्याच्या त्याच्या चुलीपाशी गिनीपिग. ते काय कागद सोडतात होय! मागच्या वर्षी त्यांनी पाद्रीबाबांची टोपी कुरतडली. शेवटी कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "आसुंताकडं तीन मांजरं आहेत. तिच्याकडं ना गिनीपिग, ना उंदीर." झालं. सगळ्यांनी हात वर केले. म्हणजे मान माझा नव्हे, मांजरांचा.

मी म्हटलं, "अहो, मी दोन यत्ता शिकलेली. मला धड वाचताही येत नाही."

सरपंच म्हणाले, "वाचायचं पोरांनी. तू नुसती राखण कर. भुंकतेस चांगली."

तर आता माझ्या दारात पोरांची रीघ असते. त्यातली एक मेल्वा, वरच्या वाडीतल्या सान्तोसची मुलगी. नऊ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, आणि प्रश्न विचारायला लागली की माणसानं कानात बोळे घालावेत. गेल्या आठवड्यात ती मांजराचं पिल्लू शोधायला माळ्यावर चढली आणि पिल्लाऐवजी तुझं पुस्तक घेऊन उतरली. इसाउरा आणि तिच्या खेचराचं. शाळेतल्या बाईंनी तुला बक्षीस दिलेलं.

अर्धंच आहे ते. साठ पानं.

चिजावर ठेवायच्या दगडावर बसून तिनं ते मोठ्यानं वाचलं. मी दूध ढवळत ऐकत होते. नदी कुठून येते हे शोधायला इसाउरा निघते, सगळे तिला सांगतात की वर डोंगरात एका म्हाताऱ्याच्या पेटीतून येते, ती खेचर घेऊन चढत चढत त्याच्या झोपडीपर्यंत पोचते. आणि साठावं पान असं संपतं: "इसाउरानं पेटीचं झाकण उचललं. आत"

बस. पुढं नाही.

मेल्वानं पान उलटलं, पुस्तक उलटं धरून झटकलं, माझ्याकडं बघितलं. "मावशी, पुढचं?"

"उंदरांनी खाल्लं."

"तीन मांजरं असून?"

कार्टी. माझं दूध उतू गेलं.

तू ते पुस्तक पुरं वाचलं असशील. तुझं वाचणं म्हणजे वणवा. पेटीत काय होतं तेवढं कळव. पोरगी मला जगू देत नाहीये, आणि खरं सांगायचं तर मलाही चैन नाही. पेटीतून नदी निघेल कशी?

आसुंता


लांचेपाम्पा, ७ मे

सेनाइदा,

फडकं मिळालं. धुतलेलं, इस्त्री केलेलं, चौघडी घातलेलं. आणि रिकामं.

काकांनी ते माझ्या हातात दिलं आणि ट्रकच्या चाकाकडं बघत बसले. त्यांनाही कळतं. आपल्या डोंगरात उसनं नेलेलं भांडं रिकामं परत जात नाही. बांधावरून डोकी फोडून घेणारी माणसंसुद्धा शेजारणीचं पातेलं परत देताना दोन बटाटे टाकतात. काही नसलं तर पुदिन्याची काडी टाकतात. रिकामं भांडं म्हणजे दार लावून घेतलं. लिमात राहून तू हे विसरली असशील, असं मी दोन दिवस स्वतःला सांगितलं. मग इस्त्रीची घडी पाहिली. एवढं निगुतीनं कुणी विसरत नाही.

ठीक आहे. त्याच फडक्यात दुसरं चीज पाठवतेय. मीही तुझीच बहीण.

आता इकडची गंमत ऐक. ऐकायची नसली तर काकांना वाचून दाखव, त्यांना आवडेल.

मेल्वा ते अर्धं पुस्तक घरी घेऊन गेली. आठ दिवसांनी आणून दिलं तर शेवटाला एक वहीचं पान, मेंढीच्या लोकरीनं शिवलेलं. टाके पोत्याला घालतात तसले. पानावर तिनं लिहिलं होतं की पेटीत ढग होता, झोपलेला, आणि त्याला गुदगुल्या केल्या की पाणी सुटायचं.

मी म्हटलं, "हे काय गं?"

ती म्हणाली, "रिकामं कसं आणून देऊ? आई मारेल ना."

तिला कुणी शिकवलं नव्हतं. आईला पातेली परत देताना पाहिलेलं, त्यावरून तिनं आपलं आपण ठरवलं की पुस्तकालाही तोच कायदा. मला हसू आवरेना. आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. ते अर्धं पुस्तक आता पोरं रांग लावून नेतात, आणि प्रत्येक जण पेटीत काहीतरी घालून आणतो. आत्तापर्यंत पेटीतून निघालंय ते असं: एक बेडूक, जो रडतो. इसाउराची मेलेली आई, जिवंत. दुसरी पेटी. शाळेतल्या मास्तरांचा चष्मा, जो खरोखरच हरवलाय, आणि ज्यानं लिहिलं त्याच्यावर आता सगळ्यांचा संशय आहे.

पण पोत्यातल्या तीस पुस्तकांचं काय? तीही रिकामी कशी द्यायची! प्राण्यांचं पुस्तक परत आलं ते एका अंड्यासकट. कच्च्या. पुस्तकाच्या मध्ये ठेवलेलं. जिराफाला विचार काय झालं ते. मग मी दारात उभी राहून गर्जना केली, "खाण्याची वस्तू पुस्तकात घालाल तर तंगड्या मोडीन! द्यायचंच असेल तर कागद द्या!" मला काय माहीत, ते ऐकतील म्हणून.

बटाट्यांच्या रोगांवरचं एक पुस्तक आहे. ते होनोरातोआजोबांच्या नातीनं नेलं. परत आलं तेव्हा आत आजोबांनी सांगितलेलं आणि नातीनं लिहिलेलं पान: "बाविसाव्या पानावर दवाचं जे लिहिलंय ते चूक आहे. लिहिणाऱ्यानं आमच्याकडं येऊन ऑगस्टात एक पहाट शेतात काढावी." आता म्हातारेही यायला लागलेत. स्वतः वाचत नाहीत, नातवंडांना पुढं करतात, पण कुणी काय घातलंय ते बघायला रोज येतात. माझं अंगण म्हणजे रविवारचा बाजार झालाय.

मी रोज एक पान वाचते. अक्षराखाली बोट ठेवून, गाय चढ चढते तशी. पण वाचते.

पेटीत काय होतं, सेनाइदा? तुझ्या एका ओळीत माझी सुटका आहे.

आसुंता


लांचेपाम्पा, १८ जून

सेनाइदा,

फडकं पुन्हा रिकामं आलं. या खेपेला चीज नाही, फडकंही नाही. नुसतं पत्र आहे, आणि यातलं सगळं खरं आहे.

मास्तर आरिस्तिदेस परवा तपासणीला आले. माणूस वाईट नाही. भिजून आले होते, चुलीपाशी बूट वाळत घातले, चीज लावून पाच बटाटे खाल्ले आणि भाजलेला मका खिशात भरून घेतला. मग पोतं उघडलं. एकेक पुस्तक बाहेर काढत गेले आणि चेहरा उतरत गेला.

"आसुंताबाई, हे काय आहे?"

"पानं."

"लोकरीनं शिवलेली? सव्वीस पुस्तकांत? आणि या जिराफाला काय झालंय?"

"अंडं."

त्यांनी कपाळ धरलं. मी सांगायला गेले, मास्तर, आमच्याकडं रिकामं द्यायची रीत नाही. ते म्हणाले, "रीत तुमची, पुस्तकं सगळ्यांची. हे पोतं पुढच्या गावाला जायचंय. तिथल्या मुलांना काय देऊ, तुमच्या म्हाताऱ्यांची भांडणं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या हातात नाही हो. मलाही वर जाब द्यावा लागतो. दोन जुलैला अदलाबदल आहे. तोवर ही सगळी पानं कापून पुस्तकं होती तशी करा. नाहीतर लांचेपाम्पाला पुढचं पोतं मिळणार नाही."

मेल्वा उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. मास्तर गेल्यावर म्हणाली, "मावशी, पोत्यातल्या पुस्तकातलं माझं पान कापा. मला पाठ आहे ते. पण पुस्तकं जाऊ देऊ नका."

नऊ वर्षांची पोर. मला रडू आलं, म्हणून मी तिच्यावर खेकसले.

काल मेंढ्यांच्या लोकरीची कात्री घेऊन बसले. मनात म्हटलं, सव्वीस पुस्तकं आहेत, संध्याकाळच्या धारेआधी होईल. पोत्यातलं पहिलं पुस्तक मांडीवर घेतलं, त्यातलं मेल्वाचं पान धरलं आणि हात थांबला. पुढं सरकेचना. तो हात मी ओळखते, सेनाइदा. तूही ओळखतेस.

उंदरांनी खाल्लं नव्हतं.

शाळेतल्या त्या बाई तुला शहरात शिकायला न्यायला आल्या होत्या. आई जाऊन वर्ष झालं नव्हतं. मी चोवीस वर्षांची, दोन गाई, एक बारा वर्षांची बहीण, बाकी कुणी नाही. तू तीन दिवस त्या पुस्तकात तोंड खुपसून बसली होतीस, आणि मला दिसत होतं की तू निघूनच गेलेली आहेस, नुसता देह चुलीपाशी आहे. रविवारी बाजाराला निघताना चीज गुंडाळायला कर्दळीची पानं नव्हती. हे मी सगळ्यांना सांगत आले, पानं नव्हती म्हणून. होती. मागच्या भिंतीला टेकवलेली होती.

पुस्तकात तू लोकरीचा लाल धागा ठेवला होतास, वाचलं तिथवरची खूण. मी तिथूनच धरलं आणि ओढलं. मुद्दाम. तुझं वाचून झालेलं तुझ्याकडं राहू दिलं, आणि राहिलेलं सगळं एका हिसक्यात फाडलं. बाजारात त्या पानांत चीज गुंडाळून विकलं. तू समोर उभी होतीस, मी तुझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तू एकटीच उशिरा घरी आलीस, एका पायात टायरची चप्पल, दुसरा पाय अनवाणी, चिखलानं भरलेला. मी ओरडले, "दुसरी कुठं घातलीस?" आठवड्यानं बाईंबरोबर गेलीस. निरोपही घेतला नाहीस.

तेव्हा पेटीत काय होतं हे तुला ठाऊक नाही, हे मला पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं. लाल धागा साठाव्या पानावर होता. तरी विचारत राहिले. दुसरं काय विचारणार होते? कोणत्या तोंडानं?

चुकलं माझं. हे लिहायला मला सतरा वर्षं आणि तीस पुस्तकं लागली.

कात्री भिंतीला अडकवून टाकलीय. आता पोरांची पुस्तकं जातील ती माझ्यामुळं. तेही एक.

आसुंता


लांचेपाम्पा, ४ जुलै

सेनाइदा,

पोतं गेलं. कसं गेलं ते सांगते, कारण तुला सांगितल्याशिवाय मला ते खरं वाटणार नाही.

दोन तारखेला गावसभा माझ्या अंगणात भरली. मी सरळ सांगितलं, "माझ्यानं पानं कापवत नाहीत. का ते विचारू नका. दुसऱ्या कुणाला कापायची असतील तर ही कात्री." कुणी पुढं येईना. होनोरातोआजोबा काठी टेकत उठले. म्हणाले, "आम्ही घेतलं, भरून परत दिलं. ज्याला रिकामं हवंय त्यानं स्वतः रिकामं करावं." आणि कात्री मास्तरांच्या हातात ठेवली.

मास्तर बिचारे चिजाच्या दगडावर बसले. पहिलं पुस्तक घेतलं, ते नेमकं बटाट्यांचं. कात्री उघडली. मेल्वा पुढं होऊन म्हणाली, "आधी वाचा तरी. न बघता पातेलं कोण ओततं?"

त्यांनी वाचलं. आजोबा त्यांच्या तोंडाकडं बघत उभे. वाचून झाल्यावर मास्तर म्हणाले, "दवाचं हे खरं आहे?"

आजोबा म्हणाले, "मी ऐंशी वर्षं बटाटा लावतोय. पुस्तक किती वर्षं लावतंय?"

मग दुसरं, मग तिसरं. खेचर कंटाळून माझी कोबी खायला लागलं. सव्वीसही पुस्तकांत शिवलेली सगळी पानं वाचली त्यांनी, आणि कात्री चालली ती फक्त एकदा, अंड्यानं चिकटलेली दोन पानं सोडवायला. शेवटी उठले. "जशी आहेत तशी नेतो. पण बाई, दुसरं पोतं मी आज इथं सोडू शकत नाही. आधी विचारावं लागेल. वर काय सांगू?"

मी म्हटलं, "सांगा, भांडं रिकामं आलं नाही."

निघताना बायकांनी खेचरावर दोन पायल्या बटाटे, लोकरीचा गुंडा आणि एक जिवंत कोंबडी लादली. पोतं परत जातंय, रिकाम्या हातानं कसं जाऊ द्यायचं! मास्तर नको नको म्हणत होते. कोंबडी पहिल्याच वळणावर सुटली आणि परत आली.

आता घरात एकच पुस्तक आहे. तुझं. साठ पानं, आणि त्यापुढं पोरांची चौदा. पोरं रोज येतात, तेच पुन्हा पुन्हा वाचतात. काल मी त्यांना सगळं सांगितलं. पुस्तक कुणी फाडलं, कुणाचं फाडलं. वाटलं होतं, दगड मारतील. पण मेल्वानं विचारलं, "म्हणजे हे पुस्तक उसनं आहे?"

"हो. माझ्या बहिणीचं."

"किती दिवस झाले?"

"सतरा वर्षं."

"अगं बाई!" दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणाली ती, अगदी तिच्या आजीसारखी. "मग द्यायला नको का परत?"

पोरांनी आपसांत ठरवलं. मी फक्त एवढंच म्हटलं की ते गेलं तर वाचायला काही उरणार नाही. त्यांना ते ठाऊक होतं. दोघं रडले, पण हात सगळ्यांनी वर केले.

तर निळ्या काठाच्या फडक्यात तुझं पुस्तक पाठवतेय. फाडलं मी होतं, भरलंय पोरांनी. माझंही एक पान आहे, शेवटचं. माझ्या पेटीत लाल धागा निघतो. पुढं काय लिहावं ते सुचलं नाही.

फडकं परत पाठवलं नाहीस तरी चालेल.

आसुंता


लिमा, २८ जुलै

ताई,

चीज दोन्ही वेळा खाल्लं. पहिल्या खेपेला रागानं एका बैठकीत संपवलं. फडकं रिकामं पाठवलं ते विसरून नव्हे. तू खोटं विचारत होतीस. तो धागा मीच ठेवला होता, कुठं ठेवला होता ते तुला ठाऊक आहे, हेही मला ठाऊक होतं. तुझं तिसरं पत्र आलं तेव्हा मशीन बंद करून बसले. मालकीण म्हणाली, "कुणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही, कुणीतरी आलं."

राग गेलेला नाही. जाईल की नाही सांगता येत नाही. तू एकटी पडशील म्हणून घाबरली होतीस हे मला तेव्हाही कळत होतं. कळलं म्हणून राग जात नाही.

पण एका बाबतीत तू चुकलीस. पेटीत काय होतं ते मला ठाऊक आहे.

त्या रविवारी तू पहिलं चीज गाढववाल्या एका बाईला विकलंस. मी तिच्या मागं पळाले. तिला म्हटलं, चीज तुमचं, कागद माझा. तिनं चीज शालीत घेतलं आणि कागद मला दिला. एकसष्ट आणि बासष्ट. त्यानंतरचं पान खेचरावरचा एक माणूस घेऊन गेला. त्याच्या मागं पुलापर्यंत पळाले. पुलाच्या अलीकडं चिखलात चप्पल रुतली, ती काढेपर्यंत खेचर वळणापलीकडं गेलं, आणि चप्पलही निघाली नाही. त्रेसष्ट मला ठाऊक नाही.

ते एक पान सतरा वर्षं माझ्याजवळ आहे. अजून चिजाचा वास येतो त्याला. मुलांना सांग, त्यांची चौदाही पानं मी दोनदा वाचली. रडणारा बेडूक मला आवडला. ज्यानं चष्मा लिहिला त्याला म्हणावं, गपचूप परत कर.

पुस्तक मी ठेवून घेत नाहीये. ते त्या मुलांकडं असू दे.

सेनाइदा


लांचेपाम्पा, २० ऑगस्ट

सेनाइदा,

काकांनी ट्रक थांबवायच्या आतच खिडकीतून फडकं हलवून दाखवलं. "जड आहे!" असं ओरडले. अख्ख्या रस्त्यानं ऐकलं.

पोरं जमेपर्यंत उघडलं नाही. चौदाही आली, म्हातारे आले, मास्तर आरिस्तिदेसही टपकले. पुढच्या गावच्या पोरांनी त्यांचा जीव खाल्लाय म्हणे. दवाचं पान लिहिणारे आजोबा खरोखर आहेत का, हे त्यांना बघायचंय. पोतं मात्र आणलं नाही. "वर विचारतोय," म्हणतात. विचारोत.

गाठ सोडली. पोरांच्या जाड्याभरड्या लोकरीच्या टाक्यांशेजारी तुझ्या मशीनची बारीक शिवण पाहिली आणि मला कुठं बघावं कळेना. साठाच्या पुढं एकसष्ट, जागच्या जागी. पिवळं, तेलकट. बोट लावलं तर गुळगुळीत लागलं. आणि पार शेवटी, माझ्या लाल धाग्याच्या पानानंतर, तू शिवलेली वीस कोरी पानं.

मेल्वा म्हणाली, "मावशी, तुम्ही वाचा."

मी वाचलं. बोट लावून, अडखळत, सगळ्यांसमोर. "इसाउरानं पेटीचं झाकण उचललं. आत सुके वाटाणे होते."

"वाटाणे?"

"वाटाणे."

असा आरडाओरडा झाला म्हणून सांगू! बेडूकवाला म्हणाला, ही फसवणूक आहे. मेल्वा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "यासाठी सतरा वर्षं! माझा ढग शंभर पटींनी बरा होता." मास्तर हसून हसून खोकायला लागले. त्यांना गप्प करून पुढं वाचलं. म्हातारा इसाउराला म्हणतो, "नदी पेटीत असते असं तुला कोणत्या शहाण्यानं सांगितलं? पेटीत जेवण असतं. येणार हे आदल्या दिवशी कळवलं असतंस तर वाटाणे भिजत घातले असते. आता बस उपाशी. नदीचं म्हणशील, तर ती बघ, त्या मागच्या दारातून" आणि पान संपलं.

मेल्वानं हळूच विचारलं, "मागच्या दारातून काय?" आणि चौदा जण एकदम कोऱ्या पानांवर तुटून पडले. रांग लावायला मला कात्री दाखवावी लागली.

दुसऱ्या दिवशी मी पुलाकडं गेले होते. गाई राखायच्या निमित्तानं. अलीकडच्या काठावर काठीनं चिखल ढवळला, मग काठी टाकून हातानं ढवळला. सतरा वर्षांची चप्पल कुठली मिळतेय. मिळाली नाही. पण तू कुठवर पळत गेली होतीस, हे मला त्या दिवशी विचारता आलं असतं. मी फक्त चपलेचं विचारलं. काठावर बसून मी पोटभर रडले, आणि गाई दुसऱ्याच्या शेतात गेल्या.

राग ठेव हवा तेवढा. घरात जागा आहे त्यालाही. काकांचा ट्रक दर पंधरा दिवसांनी सुटतो, पुढचं बाक रिकामं असतं, मी विचारून ठेवलंय. येणार असलीस तर आदल्या दिवशी कळव. मी वाटाणे भिजत घालते.

ताई